नफा दिसतो, मग पैसा कुठे जातो? : छोट्या व्यवसायाविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे छोटा व्यवसाय चालवणाऱ्या वाचकांची आहेत. धंदे निरनिराळे असले, तरी बहुतेकांचे गाडे एकाच जागी अडते : काम आहे, गिऱ्हाईक आहे, पण हातात पैसा उरत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे. उत्तरांतील रकमा केवळ हिशोब समजावा यासाठी घेतल्या आहेत. त्यांच्या जागी आपल्या वहीतले आकडे घालून प्रत्येकाने तोच हिशोब एकदा करून पाहावा.

प्रश्न : माझा लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. सहा कारागीर आहेत, कामाची वानवा नाही आणि वर्षअखेरच्या हिशोबात विक्रीवर १५ टक्के नफा दिसतो. तरीही पगाराची तारीख आली की उसनवारी करावी लागते. यंदा कामे वाढली, पण ओढाताण कमी होण्याऐवजी वाढलीच. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : तुमच्या हिशोबात दिसणारा नफा खरा आहे आणि पगाराच्या वेळची अडचणही खरी आहे, कारण या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी घडतात. बिल केले त्या दिवशी नफा वहीत चढतो; पैसा मात्र गिऱ्हाईक देईल त्या दिवशी येतो. मधल्या दिवसांचा खर्च कोणाच्या पैशातून चालतो, हा प्रश्न वर्षअखेरचे नफा-तोटा पत्रक विचारतच नाही.

एक काम डोळ्यांसमोर आणू. लाकूड पहिल्या दिवशी आले आणि त्याचे पैसे तुम्ही पंधराव्या दिवशी चुकते केले. माल चाळिसाव्या दिवशी पोचता झाला आणि गिऱ्हाइकाने त्यानंतर साठ दिवसांनी, म्हणजे शंभराव्या दिवशी पैसे दिले. पंधराव्या दिवसापासून शंभराव्या दिवसापर्यंत, तब्बल ८५ दिवस, त्या लाकडाचा भार तुम्ही वाहिलात आणि कारागिरांची मजुरीही त्याच काळात ठरल्या वेळी देत राहिलात. माल तयार होऊन जाईपर्यंतचे दिवस, अधिक वसुलीला लागणारे दिवस, वजा पुरवठादाराने दिलेले उधारीचे दिवस, असा हा साधा हिशोब आहे. आणि जितके दिवस जास्त, तितके खेळते भांडवल जास्त लागते.

आता कामे वाढल्यावर ओढाताण का वाढली ते पाहू. समजा, तुमची महिन्याची विक्री तीन लाख आहे. १५ टक्के नफा म्हणजे ४५ हजार, आणि खर्च दोन लाख ५५ हजार. गिऱ्हाइके साठ दिवसांनी पैसे देत असतील, तर पोचत्या झालेल्या मालापोटी दोन महिन्यांचा खर्च, म्हणजे पाच लाख दहा हजार, कायम बाहेर अडकलेला असतो. विक्री चार लाखांवर गेली की महिन्याचा खर्च तीन लाख ४० हजार होतो आणि अडकलेली रक्कम सहा लाख ८० हजारांवर जाते. वाढीव एक लाख ७० हजार तुम्हाला कुठून तरी उभे करावे लागतात, आणि तुमचा महिन्याचा एकूण नफा मात्र आता ६० हजार आहे. याचा अर्थ असा की, जवळपास तीन महिन्यांचा संपूर्ण नफा फक्त ही वाढ पेलण्यात जातो, आणि यात कारखान्यात पडलेले लाकूड व अर्धवट झालेले काम अजून धरलेलेच नाही. चांगले चाललेले धंदे वाढीच्याच वर्षात अडचणीत येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. आणि कष्ट करणाऱ्या माणसाला ते कोणी वेळेवर सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली या गणितज्ञ फ्रान्सिस्कन साधूने तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची हिशोबपद्धत छापून प्रसिद्ध केली. व्यापाऱ्याला लागणाऱ्या तीन गोष्टी त्याने आरंभीच नोंदवल्या : रोकड किंवा तिच्या तोडीची पत, हिशोबाची उत्तम जाण आणि सर्व व्यवहारांची नीट मांडणी. त्यांत पहिले स्थान त्याने रोकडीला दिले होते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

यावर कर्ज हा पहिला उपाय नव्हे. आधी दिवस कमी करा. नवीन काम घेताना लाकडाची किंमत भागेल एवढी आगाऊ रक्कम मागा. मापाप्रमाणे खास बनवून घेतलेला माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, हे गिऱ्हाइकालाही कळते, त्यामुळे ही मागणी वाटते तितकी अवघड जात नाही. बिल माल पोचेल त्याच दिवशी द्या. महिनाअखेरीस सगळी बिले एकदम करण्याची सवय असेल, तर सरासरी पंधरा दिवस तुम्ही आपण होऊन सोडून देत आहात. पैसे देण्याची तारीख बिलावर स्पष्ट लिहा आणि ती उलटून गेल्यावर नव्हे, तर तिच्या चार दिवस आधी फोन करून बिल मिळाले का, त्यात काही त्रुटी आहे का, एवढेच विचारा. पुष्कळ बिले भांडणामुळे नव्हे, तर मागणीपत्राचा क्रमांक राहून गेला अशा क्षुल्लक कारणाने अडून बसतात, आणि ते कारण तुम्हाला दोन महिन्यांनी कळते.

याच्या जोडीला एक कागद करा. लांब कागद आडवा धरून त्यावर पुढच्या तेरा आठवड्यांचे तेरा रकाने आखा. प्रत्येक रकान्यात वर आठवड्याच्या आरंभीची शिल्लक, त्याखाली येणारा पैसा, त्याखाली द्यायचा पैसा आणि तळाशी उरणारी शिल्लक लिहा. ती पुढच्या रकान्याची आरंभीची शिल्लक होते. येणारा पैसा लिहिताना बिलावरची तारीख पाहू नका. ते गिऱ्हाईक मागच्या तीन वेळा प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देऊन गेले, ते पाहा. पगार, भाडे, हप्ते आणि कर मात्र नेमक्या आठवड्यात मांडा. दर आठवड्याला जुना रकाना काढून शेवटी एक नवा जोडायचा. सातव्या रकान्याच्या तळाशी शिल्लक उणे दिसली, तर तुमच्याकडे सहा-सात आठवडे आहेत : एखादे लाकूड उशिरा मागवता येईल, एखाद्या गिऱ्हाइकाकडे टप्प्याने पैसे मागता येतील, बँकेशी शांतपणे बोलता येईल. पगाराच्या आदल्या दिवशी यांतले काहीच करता येत नाही. आणि हे सर्व करूनही काही रक्कम कमी पडत असेल, तर खेळत्या भांडवलासाठी कर्ज जरूर घ्या. तेव्हा ते किती आणि किती दिवसांसाठी हवे, हे तुम्हाला नेमके सांगता येईल.

प्रश्न : माझे घरगुती वापराच्या वस्तूंचे दुकान आहे. जवळच नवीन दुकान आले असून त्यांनी सर्व वस्तूंवर १० टक्के सूट लावली आहे. मीही तेवढीच सूट द्यावी का? माझा नफा २५ टक्के आहे.

उत्तर : सरसकट सूट देण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. तुम्ही १०० ला विकता ती वस्तू तुम्हाला ७५ ला पडते आणि २५ सुटतात. १० टक्के सूट दिल्यावर वस्तू ९० ला जाते, खरेदी ७५ च राहते आणि सुटतात १५. गिऱ्हाइकाला दहाव्या भागाची सूट मिळाली, पण तुमच्या मिळकतीतले पंचवीसपैकी दहा गेले. पूर्वी १०० नग विकून जे मिळत होते, ते मिळवण्यासाठी आता १६७ नग विकावे लागतील. भाडे, वीज आणि नोकरांचे पगार यांसाठी महिन्याला ५० हजार लागत असतील, तर ते भागवायला आजवर दोन लाखांची विक्री पुरत होती. सुटीनंतर तीन लाखांची विक्री लागेल. तुमचे गिऱ्हाईक त्या प्रमाणात वाढेल असे तुम्हाला मनापासून वाटते का?

उलट बाजूही पाहून ठेवा. ज्या वस्तूंचे भाव गिऱ्हाइकाच्या ध्यानात नसतात, त्यांचा भाव ५ टक्क्यांनी वाढवला तर १०५ वजा ७५, म्हणजे ३० सुटतात. अशा वेळी १०० पैकी सोळा गिऱ्हाइके गेली तरी तुमची मिळकत पहिल्यापेक्षा कमी होत नाही. माझे मत विचाराल तर, लहान दुकानदार भाव वाढवायला जितका भितो तितके भिण्याचे कारण नसते, आणि भाव उतरवायला जितका सहज तयार होतो तितके सहज तयार होऊ नये.

तुमचा नफा खरोखरच २५ टक्के आहे ना, हेही तपासा. पुष्कळ जण खरेदीवर २५ टक्के चढवतात आणि विक्रीवर २५ टक्के मिळतात असे धरून चालतात. ७५ च्या वस्तूवर २५ टक्के चढवले की भाव पावणेचौऱ्याण्णव होतो, आणि विक्रीच्या मानाने तो नफा केवळ २० टक्के असतो. तुमच्याकडे असे झालेले असेल, तर १० टक्के सूट म्हणजे निम्मी मिळकत सोडणे होय.

सूट द्यायचीच असेल, तर ती पडून राहिलेल्या मालावर द्या, रोखीच्या व्यवहारावर द्या आणि ती कोणत्या तारखेला संपणार ते आधीच लिहून लावा. शिवाय, लोक ज्यांच्यावरून दुकान महाग की स्वस्त ते ठरवतात, अशा दहा-पंधरा वस्तू प्रत्येक दुकानात असतात. तेवढ्या वस्तूंचे भाव समोरच्याच्या बरोबरीला आणा आणि बाकीच्यांना हात लावू नका.

प्रश्न : घाऊक व्यापारी म्हणतो, एक महिन्याऐवजी सहा महिन्यांचा माल एकदम उचला, ५ टक्के जास्त सूट देतो. घ्यावा का?

उत्तर : पैसा, जागा आणि त्या मालाची खपण्याची खात्री, या तिन्ही गोष्टी असतील तरच घ्यावा. दर महिन्याला माल घेता तेव्हा सरासरी अर्ध्या महिन्याचा माल तुमच्याकडे असतो. सहा महिन्यांचा घेतला की सरासरी तीन महिन्यांचा असतो. म्हणजे अडीच महिन्यांच्या खरेदीइतका जादा पैसा सहा महिने गुंतून राहतो. महिन्याची खरेदी एक लाख आणि पैशाचे व्याज वर्षाला १२ टक्के धरले, तर सूट ३० हजारांची मिळते आणि त्यांतले १५ हजार व्याजातच जातात. उरलेल्या १५ हजारांचा फायदा तेव्हाच हाती लागेल, जेव्हा सर्व माल चांगल्या अवस्थेत विकला जाईल. शंभरातले तीन नग जरी खराब झाले किंवा चलनातून गेले, तरी तोही संपतो. एका वेळी किती माल मागवावा याचे गणित फोर्ड हॅरिस यांनी १९१३ सालीच मांडले होते. त्यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : विक्री चौपट झाली, तरी एका वेळच्या मागणीचा आकार दुप्पटच करावा लागतो.

प्रश्न : घरखर्च गल्ल्यातूनच चालतो. वेगळा हिशोब ठेवण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : नक्कीच आहे. बँकेत व्यवसायाचे खाते वेगळे ठेवा आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम स्वतःचा पगार म्हणून घरच्या खात्यात वळवा. तुम्ही करता ते काम दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचे झाले, तर त्याला जेवढा पगार द्यावा लागेल तेवढी रक्कम व्यवसायाच्या खर्चात धरा, मग ती प्रत्यक्षात पूर्ण उचला किंवा न उचला. ती धरल्यावरही नफा उरत असेल, तरच धंदा नफ्यात आहे; एरवी तुम्ही केवळ आपल्या मेहनतीची मजुरी घेत आहात. गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या कराची रक्कम तिसऱ्या खात्यात टाकलेली बरी, कारण ती तुमची नाहीच.

प्रश्न : माझ्या छपाईच्या कामातील ७० टक्के काम एकाच कंपनीचे आहे. आता त्यांनी पैसे ९० दिवसांनी मिळतील असे कळवले आहे. लवकर पैसे दिल्यास २ टक्के सूट देतो असे मी सुचवू का?

उत्तर : तुमची खरी अडचण ९० दिवस ही नसून ७० टक्के ही आहे, कारण त्यामुळे तुम्हाला नाही म्हणता येत नाही. नाते तोडू नका, पण त्या कंपनीकडे कोणत्याही वेळी जास्तीत जास्त किती रक्कम थकलेली चालेल याची मर्यादा ठरवा. ती सगळी रक्कम बुडाली तरी तुमचा छापखाना उभा राहील, अशी ती मर्यादा असावी. मर्यादा ओलांडली की पुढचे काम मागचे पैसे आल्यावर, हे नम्रपणे पण लेखी कळवा. या एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर कर्ज काढून नवीन यंत्र मात्र मुळीच घेऊ नका.

२ टक्के सुटीचे गणित फसवे असते. तीस दिवसांऐवजी दहाव्या दिवशी पैसे मिळावेत म्हणून २ टक्के सोडले, तर वीस दिवसांसाठी ९८ वर २ देण्यासारखे झाले, आणि वर्षाच्या हिशोबाने ते सुमारे ३७ टक्के व्याज पडते. तेच २ टक्के देऊन नव्वदाव्याऐवजी दहाव्या दिवशी पैसे मिळणार असतील, तर ऐंशी दिवसांसाठी वर्षाला सुमारे सव्वानऊ टक्के पडतात, आणि ते तुमच्या कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी असेल तर सूट अवश्य द्या. अनेक मोठ्या कंपन्या सूट कापून घेऊनही पैसे उशिराच देतात, तेव्हा ठरल्या तारखेनंतर सूट लागू राहणार नाही, हे बिलावरच छापा. आणि दर महिन्याला निदान दोन नवीन ठिकाणी जाऊन कामाचे नमुने दाखवा. याचे फळ वर्षभराने मिळते, म्हणून ते आजच सुरू करायचे असते.

प्रश्न : विद्युत उपकरणे दुरुस्त करण्याचे माझे दुकान आहे, तीन मदतनीस आहेत. प्रत्येक गोष्ट मलाच विचारतात. मी एक दिवस गेलो नाही तर गोंधळ होतो.

उत्तर : मदतनिसांना समज नाही असे पटकन वाटते, पण बहुधा त्यांना लागणारी माहिती फक्त तुमच्या डोक्यात असते. ती कागदावर उतरवा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला एक कार्ड बांधा आणि त्यावर इतके असावे : वस्तूचा क्रमांक, बिघाड गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, सोबत ठेवलेल्या वायर-झाकणासारख्या गोष्टी, अंदाजे खर्च, त्याला गिऱ्हाइकाने होकार दिला ती तारीख, आणि वस्तू कधी देऊ असे सांगितले तो दिवस. एवढ्याने निम्मे प्रश्न तुमच्यापर्यंत येणार नाहीत. राहिलेल्यांसाठी मर्यादा घालून द्या : अमुक रकमेपर्यंतचा सुटा भाग न विचारता आणावा, दुरुस्तीनंतर तीस दिवसांत तीच तक्रार आली तर मोबदला न घेता काम करून द्यावे. त्यांनी घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही, तरी गिऱ्हाइकासमोर फिरवू नका, संध्याकाळी बोला. एकदा सर्वांदेखत फिरवला, की पुढचे सहा महिने ते पुन्हा प्रत्येक गोष्ट तुम्हालाच विचारतील. फक्त पैशाच्या बाबतीत, पैसे घेणारा आणि दिवसअखेर कार्डे व गल्ला ताडून पाहणारा, हे दोघे वेगळे असू द्या. त्यात कोणावर अविश्वास नाही. उलट प्रामाणिक माणसाला संशयापासून तेच वाचवते.

प्रश्न : दोन वर्षे तोटा चालू आहे. बचत संपत आली. दुकान बंद करावे की घर गहाण ठेवून आणखी प्रयत्न करावा?

उत्तर : तुमचे पत्र वाचून अस्वस्थ व्हायला झाले, म्हणून स्पष्ट लिहितो. घर गहाण ठेवू नका. आधी तोटा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. प्रत्येक विक्रीत खरेदीचा खर्च निघून वर काही उरत असेल, पण ते भाड्या-पगाराला पुरत नसेल, तर जागा लहान करणे, वेळ कमी करणे किंवा चालत नसलेला विभाग बंद करणे यांनी धंदा सावरू शकतो. शिवाय भाड्याचा करार संपेपर्यंत भाडे चुकणार नसेल, तर तोवर दुकान चालू ठेवल्याने तोटा कमीच होतो. परंतु वस्तू विकूनच नुकसान होत असेल, तर विक्री जितकी वाढेल तितके ते वाढेल, आणि तिथे नवीन पैसा घालण्यात अर्थ नाही. आजवर किती घातले, हा विचार या निर्णयात आणू नका. ते पैसे दुकान चालू ठेवल्याने परत येणार नाहीत आणि बंद केल्यानेही येणार नाहीत.

घरातल्या माणसांसमोर बसून एक तारीख आणि एक रक्कम लिहून काढा : या तारखेपर्यंत महिन्याचा तोटा इतक्यावर आला नाही, किंवा आणखी इतके पैसे गेले, तर थांबायचे. थांबायची वेळ आली, तर क्रम महत्त्वाचा आहे. येणे आहे ते दुकान उघडे असतानाच वसूल करा, कारण बंद दुकानाचे पैसे द्यायला लोक टाळाटाळ करतात. जी मागणी पुरी करता येणार नाही, तिची आगाऊ रक्कम घेऊ नका. नोकरांना निदान महिनाभर आधी सांगा आणि त्यांचे पगार बाजूला काढून ठेवा. कर्ज देणाऱ्याकडे पहिला हप्ता चुकण्याआधी, तेरा आठवड्यांचा कागद बरोबर घेऊन जा. हप्ता लांबवणे किंवा लहान करणे त्या वेळी शक्य असते, तीन हप्ते थकल्यावर ते फार कठीण होऊन बसते.